घरच्या संगणकास दोन पडदे : जोडणी, मांडणी व उपयोग

शाळा सोडल्याचा दाखला लिहिण्यास बसलेला अनुभवी शिक्षक टेबलाच्या डाव्या अंगास जनरल रजिस्टर उघडून ठेवतो आणि उजव्या अंगास दाखल्यांचे पुस्तक. डाव्या हाताचे बोट रजिस्टरातील ओळीवर टेकलेले असते व उजव्या हाताने लेखन चाललेले असते. रजिस्टर मिटावे, नाव व जन्मतारीख मनात धरावी, मग दाखल्यांचे पुस्तक उघडून तेथे उतरवावी, आणि पुढच्या रकान्यासाठी तेही मिटून पुन्हा रजिस्टर उघडावे, अशा रीतीने दाखला लिहिण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. रोजकीर्दीवरून खतावणी करणारा वाणीसुद्धा दोन्ही वह्या पुढ्यात मांडूनच बसतो. तथापि हेच काम संगणकावर आले की, जी रीत कागदावर हास्यास्पद वाटली असती तीच नेमाने पाळली जाते. पडदा एकच असल्यामुळे एक खिडकी उघडली की दुसरी झाकली जाते, आणि मधल्या क्षणात नाव, तारीख वा क्रमांक ध्यानात धरून ठेवावा लागतो. चुका होतात त्या ह्याच मधल्या क्षणात.

अशी चूक शिक्षकाच्या हातून होते, पण ती निस्तरावी लागते विद्यार्थ्यास. यू-डायस प्लस ह्या राष्ट्रीय नोंदणीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती स्वतंत्रपणे भरली जाते. नाव, जन्मतारीख वा लिंग ह्यांतील नोंद आधारपत्राशी जुळली नाही, तर विद्यार्थ्याचा बारा अंकी 'अपार' क्रमांक तयार होण्यास अडथळा येतो. जन्ममहिन्यातील ०६ चे ०९ झाले, तर भरणाऱ्याच्या दृष्टीने तो एका अंकाचा फरक असतो. पालकांच्या दृष्टीने मात्र तो कित्येक खेपांचा प्रश्न होतो.

पनवेल तालुक्यातील उलवे व त्याच्या आसपासच्या गावांत ह्या गोष्टीस आणखी एक बाजू आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली व वाघिवलीवाडा ह्या वस्त्यांतील कुटुंबांना आपली जुनी जागा सोडावी लागली. उलव्याची टेकडी तोडण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन होऊन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. आज 'उलवे' म्हटले की सिडकोने आखलेली, उंच इमारतींची वसाहत डोळ्यांपुढे येते. जुने गाव त्या नावाखाली झाकले गेले आहे. अशा मुलुखात दाखल्यावरील 'जन्मस्थळ' ह्या रकान्यास निराळेच मोल येते, कारण जे गाव आपल्या जागी उरले नाही त्याची साक्ष कागदच देऊ शकतो. कोपर व खारकोपर ही दोन वेगळी नावे होत. वाघिवली व वाघिवलीवाडा ही दोन वेगळी वस्तीनामे होत. 'वरचे ओवळे' ह्यातील 'वरचे' हे विशेषण गाळावयाचे नसते. स्मरणावर विसंबून नोंद भरणारा माणूस नेमका येथेच फसतो. मूळ नोंद व नवी नोंद एकाच वेळी दृष्टीपुढे असली तर ही फसगत बव्हंशी टळते, आणि संगणकास दुसरा पडदा जोडण्याचा पहिला व सबळ हेतू हाच आहे.

येथे एक शंका सहज निघेल. रजिस्टर टेबलावर ठेवून एकाच पडद्यावर नोंदी भरता येणार नाहीत काय? शाळेत बसून काम होत असेल तर अवश्य येतील, आणि तसेच करावे. परंतु जनरल रजिस्टर हे शाळेचे कायमचे दप्तर. ते घरी आणणे योग्य नव्हे. शाळेत दिवसा वीज गेली वा जालसंपर्क तुटला की हे काम रात्री घरी करावे लागते, आणि त्या वेळी हाताशी असते ती मुख्याध्यापकांच्या अनुमतीने घेतलेली पानांची छायाचित्रे, अथवा वर्गवार यादीचा तक्ता. नेरूळ-बेलापूरकडून खारकोपरपर्यंतची रेल्वे नोव्हेंबर २०१८ मध्ये व तेथून उरणपर्यंतची जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून उलव्यात बिऱ्हाड करून उरणच्या बाजूस नोकरीस जाणे सोपे झाले आहे. अशा बिऱ्हाडात संध्याकाळी सातनंतर संगणकापुढे बसणाऱ्या शिक्षकास समोर ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

दोन पडद्यांची ही सोय काही आजची नव्हे. १९८७ साली निघालेल्या मॅकिंटॉश टू ह्या संगणकास एकाहून अधिक पडदे जोडता येत असत. घरगुती वापराच्या विंडोज प्रणालीत ही सोय १९९८ च्या विंडोज ९८ पासून आली. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक संगणक दोन पडदे चालवू शकतो; ज्याच्यापाशी लॅपटॉप आहे त्याच्याजवळ तर एक पडदा आधीच आहे आणि त्यास केवळ दुसरा मॉनिटर हवा. अनेकांच्या घरी ती शक्ती वर्षानुवर्षे निजून राहिलेली असते.

तरीही खरेदीस निघण्यापूर्वी एक प्रयोग पंधरा दिवस करून पाहावा. कळफलकावरील विंडोजची कळ दाबून ठेवून डाव्या बाणाची कळ दाबली असता चालू खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात जाऊन बसते, व उजव्या बाणाने दुसरी खिडकी उजव्या अर्ध्यात बसविता येते. ज्याचे काम ह्यात भागते त्याने पैसे खर्चू नयेत. ज्यास मात्र अर्ध्या पडद्यावर रकाने मावत नाहीत, सारखे आडवे सरकवावे लागते, अक्षर बारीक होऊन डोळे शिणतात, त्यास दुसऱ्या पडद्याचा उपयोग होईल असे खुशाल समजावे. कार्यालयांतून काढून टाकलेले जुने मॉनिटर पुष्कळ वेळा स्वस्तात मिळतात. घेण्यापूर्वी त्यावर एकदा पूर्ण पांढरे व एकदा पूर्ण काळे चित्र आणून डाग व मेलेले ठिपके आहेत काय ते पाहावे, आणि पाठीमागच्या खोबणी कोणत्या आहेत हे लिहून घ्यावे.

ह्या खोबणींचा विषय नीट समजून घेतल्यास निम्मी अडचण दूर होते. जुन्यांत जुनी खोबण म्हणजे व्हीजीए. हीत तीन ओळींत पंधरा छिद्रे असतात, रंग बहुधा निळा असतो व दोन्ही बाजूंस फिरवावयाचे स्क्रू असतात. ही १९८७ सालची. एचडीएमआय ही चपटी व खालचे दोन कोपरे तिरपे असलेली खोबण होय. दूरचित्रवाणी संचास असते तीच. डिस्प्लेपोर्ट तिच्यासारखीच दिसते, परंतु तिचा एकच कोपरा छाटलेला असतो. डीव्हीआय ही रुंद, बहुधा पांढरी व स्क्रूची. नव्या लॅपटॉपवर ह्यांपैकी काही नसून लहानशी लंबगोल यूएसबी-सी खोबण असणे संभवते. येथे सावधगिरी हवी, कारण प्रत्येक यूएसबी-सी खोबणीतून चित्र बाहेर पडत नाही. काहींतून केवळ वीज व माहिती जाते. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत ह्याचा उल्लेख असतो, तो आधी वाचावा आणि मगच तार घ्यावी.

व्हीजीए व एचडीएमआय ह्यांत भेद केवळ आकाराचा नाही. व्हीजीए तारेतून तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन रंगांची तीव्रता विजेच्या कमीजास्त दाबाच्या रूपाने वाहते, तर एचडीएमआय तारेतून तीच माहिती अंकांच्या रूपाने जाते. एक ढोलाच्या आवाजाने दिलेला निरोप म्हणावा, तर दुसरी लिहून पाठविलेली चिठ्ठी. म्हणून संगणकास एचडीएमआय व मॉनिटरास व्हीजीए असेल, तर दोन टोकांची साधी तार चालत नाही. मध्ये अंकांचे दाबात रूपांतर करणारी छोटी डबी, म्हणजे कन्व्हर्टर, बसवावी लागते. ही डबी एकाच दिशेने काम करते. 'एचडीएमआयकडून व्हीजीएकडे' जाणारी डबी उलट लावून चालत नाही. डिस्प्लेपोर्टचेही तसेच: संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी तार सहज मिळते, पण तीच उलटी वापरली तर पडदा काळाच राहतो. दुकानात केवळ 'दोन्ही टोके बसतील अशी तार द्या' असे न म्हणता 'संगणकाच्या बाजूस हे व पडद्याच्या बाजूस हे' असे सांगितले की फेरी वाचते.

दुसरी एक वस्तू नेहमी चुकीने घेतली जाते. तिचे नाव एचडीएमआय स्प्लिटर. एका खोबणीतून दोन तारा निघाल्या म्हणजे दोन पडदे झाले असा समज तिच्याविषयी असतो. स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवितो. दोन पडद्यांवर दोन वेगळी कामे त्याच्याने होत नाहीत. शाळेच्या मोठ्या सभागृहात दोन बाजूंस एकच चित्र दाखवावयाचे असेल तेव्हा तो उपयोगी पडेल. घरी वेगळी कामे करावयाची तर संगणकातून दोन स्वतंत्र चित्रे बाहेर पडली पाहिजेत, म्हणजेच त्यास दोन स्वतंत्र खोबणी असाव्या लागतात, किंवा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा व एक खोबण.

टेबलावरच्या संगणकात कधी कधी ग्राफिक्स कार्ड नावाची वेगळी पाटी बसविलेली असते. तशी असल्यास पाठीमागे चित्राच्या खोबणी दोन ठिकाणी दिसतात: वरच्या भागात मुख्य पाटीच्या व खालच्या भागात आडव्या कार्डाच्या. अशा वेळी दोन्ही पडदे कार्डासच जोडावेत. कार्ड बसविले की मुख्य पाटीच्या खोबणी पुष्कळदा आपोआप बंद होतात, आणि तेथे तार लावून बसलेला मनुष्य मॉनिटर बिघडला असे समजून तो दुरुस्तीस नेतो.

जोडणीचे प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचे आहे. संगणक बंद करावा, दोन्ही पडद्यांच्या तारा घट्ट बसवाव्यात, स्क्रू असल्यास हलक्या हाताने आवळावेत, मग पडदे चालू करून शेवटी संगणक चालू करावा. एचडीएमआय तार चालू संगणकासही लावता येते हे खरे. पण भिंतीतील भूसंपर्क नीट नसलेल्या घरांत बंद करून लावणेच बरे. संगणक व दोन्ही पडदे ह्यांची वीज शक्यतो एकाच तीन पिनांच्या फळीवरून घ्यावी. पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे आली तर लगेच निराश होऊ नये. मॉनिटरास दोन-तीन खोबणी असतात व तो त्यांपैकी एकीकडे कान देऊन बसलेला असतो. मॉनिटरवरील 'इनपुट' वा 'सोर्स' ही कळ दाबून त्यास योग्य खोबणीकडे वळवावे लागते.

आता संगणकास काय करावयाचे ते सांगणे. विंडोजची कळ दाबून ठेवून 'पी' हे अक्षर दाबले की चार पर्याय पुढे येतात. पहिल्याने केवळ मूळ पडदा चालतो व चौथ्याने केवळ दुसरा. मधले दोन महत्त्वाचे. 'डुप्लिकेट' म्हणजे एकाची प्रतिकृती दुसऱ्यावर, आणि 'एक्स्टेंड' म्हणजे दोन्ही पडदे मिळून एकच विस्तीर्ण टेबल. घरच्या कामास 'एक्स्टेंड' हाच पर्याय निवडावा. उबुंटू प्रणाली असलेल्या संगणकावर हेच दोन पर्याय 'डिस्प्लेज' ह्या पानावर 'मिरर' व 'जॉइन' ह्या नावांनी आढळतात.

पर्याय निवडल्यावर बहुतेकांस जी अडचण येते ती अशी: माऊसचा बाण उजव्या पडद्याकडे नेऊ लागावे, तो कडेला भिंतीस अडल्यासारखा थांबावा, आणि डावीकडे नेला असता अचानक उजव्या पडद्यावर उगवावा. हा बिघाड नव्हे. संगणकास डोळे नाहीत; टेबलावर कोणता पडदा कोठे ठेवला आहे हे त्यास कळत नाही. त्याच्याजवळ दोन पडद्यांचा एक नकाशा असतो, आणि त्या नकाशाप्रमाणेच तो बाण चालवितो. नकाशा वाचताना उत्तर दिशा आधी जुळवून घ्यावी लागते, हे चौथीच्या वर्गात शिकविणाऱ्यास सांगावयास नको; येथेही तेच करावयाचे आहे. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावे. १ व २ असे अंक असलेल्या दोन चौकटी दिसतात, तोच तो नकाशा. 'आयडेंटिफाय' ह्या कळीने खऱ्या पडद्यांवर तेच अंक मोठे उमटतात. मग चौकटी माऊसने धरून, टेबलावरील मांडणीप्रमाणे सरकवून 'ॲप्लाय' म्हणावे. चौकटींच्या वरच्या वा खालच्या कडा जुळल्या नसतील तर बाण कोपऱ्यात अडकतो. म्हणून दोन्ही पडदे प्रत्यक्षात जितके वरखाली आहेत तितक्याच चौकटी वरखाली ठेवाव्यात. ज्या पडद्यावर मुख्य काम करावयाचे त्याची चौकट निवडून खाली 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' ह्यापुढे खूण केली की नवी कामे तेथेच उघडू लागतात.

ह्याच पानावर 'रिझोल्यूशन' व 'स्केल' असे दोन रकाने असतात. मराठी वाचणाऱ्याने त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आजचा सामान्य मॉनिटर आडवे १९२० व उभे १०८० ठिपक्यांचा, म्हणजे एकंदर २० लाख ७३ हजार ६०० ठिपक्यांचा असतो. त्यास त्याच्या मूळ मापाहून वेगळ्या मापाचे चित्र दिले की एका ठिपक्याचा अंश शेजारच्या ठिपक्यावर सांडतो आणि अक्षराच्या कडा पुसट होतात. रोमन अक्षर थोडे पुसट झाले तरी वाचता येते. देवनागरीत मात्र अनुस्वाराचा एक ठिपका, रफाराचा लहानसा आकडा, पाऊण अक्षराला जोडलेले पाव अक्षर ह्यांवर शब्दाचा अर्थ लटकलेला असतो. 'चिंचपाडा' ह्यातील अनुस्वार पुसटला की नाव अशुद्ध उतरले म्हणून समजावे. म्हणून ज्या मापापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असेल तेच ठेवावे. व्हीजीए तारेने जोडलेल्या पडद्यावर अक्षरांस सावली दिसत असेल, तर मॉनिटरवरील 'ऑटो' कळ एकदा दाबून पाहावी. चित्र पुष्कळ वेळा स्थिर होते.

'स्केल' म्हणजे अक्षर किती टक्के मोठे करून दाखवावयाचे ते प्रमाण. पंधरा इंची लॅपटॉप व बावीस इंची मॉनिटर ह्या दोहोंवर ठिपके सारखेच असले तरी लॅपटॉपचे ठिपके दाटीने बसलेले असतात, त्यामुळे तेच अक्षर त्यावर बारीक दिसते. लॅपटॉपवर १२५ वा १५० टक्के व मॉनिटरवर १०० टक्के असे ठेवले म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर नजर नेताना डोळ्यास धक्का बसत नाही.

एक युक्ती फार थोड्यांना ठाऊक असते. मॉनिटरचे बूड फिरते असल्यास तो पडदा उभा करता येतो, व 'ओरिएंटेशन' ह्या रकान्यात 'पोर्ट्रेट' निवडले की चित्रही उभे होते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाची पीडीएफ प्रत, शासन निर्णय, अथवा रजिस्टरातील पानाचे उभे छायाचित्र अशा पडद्यावर नखशिखांत दिसते, आणि शेजारच्या आडव्या पडद्यावर पाठाचे टाचण वा प्रश्नपत्रिका लिहिता येते. काही स्वस्त मॉनिटर मात्र उभे केल्यावर एका बाजूने काळवंडतात. तेव्हा घेतानाच उभा करून दोन्ही बाजूंनी पाहावा.

उलव्यातील सदनिकांत जागेचा प्रश्न असतोच. बावीस इंची मॉनिटर सुमारे ५० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे दोन मिळून जवळजवळ एक मीटर. तीन फुटी टेबलावर ते सरळ मावत नाहीत. चार फुटी टेबल लागते. लॅपटॉप व एक मॉनिटर असल्यास तीन फुटांत भागते. मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार छिद्रे असतील, बहुधा १०० वा ७५ मिलिमीटर अंतरावर, तर त्यास भिंतीवर वा टेबलाच्या कडेस आवळण्याच्या दांडीवर बसविता येते व टेबल मोकळे राहते. ज्या पडद्यावर टंकलेखन चालते तो छातीसमोर असावा व दुसरा त्याच्या कडेस थोडा आत वळविलेला असावा. दोन्हींच्या मधोमध बसून तासन् तास मान एका बाजूस वळवून काम करणे मानेस मानवत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत वा किंचित खाली, आणि अंतर एक हात. द्विकेंद्री चष्मा वापरणाऱ्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी सारखी वर उचलावी लागते. खिडकी पाठीशी वा समोर न येता कुशीस यावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा नेत्रतज्ज्ञांचा साधा नियम आहे. उंच मजल्यावर राहणाऱ्यास त्यासाठी खिडकीबाहेरचे कांदळवन आहेच.

विजेचा खर्च थोडा असतो. बावीस इंची एलईडी मॉनिटर सुमारे २० वॅट वीज घेतो. रोज तीन तास वापरला तर तीस दिवसांत १.८ युनिट होतात. यूपीएस असल्यास वीज गेल्यावर दुसरा पडदा बंद करावा, तेवढाच वेळ हाती राहतो. खाडीकाठची खारी, दमट हवा आणि बांधकामांची धूळ ह्यांचा उपद्रव मात्र विजेच्या बिलापेक्षा मोठा आहे. तारांच्या पितळी पिनांवर गंज चढून चित्र मधूनच लुकलुकू लागते. अशा वेळी तार काढून, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसविली असता बहुधा काम होते. पडदा मऊ कोरड्या कापडाने पुसावा, त्यावर पाणी वा स्पिरिट फवारू नये, आणि आच्छादन घालावयाचे ते तो निवाल्यावर. ज्येष्ठात व परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद न करता पिना काढून ठेवाव्यात. जालसंपर्काची तारही त्यात आली.

घरी हात बसला की हीच विद्या शाळेत नेता येते. वर्गातील दूरचित्रवाणी संच वा प्रक्षेपक हा संगणकाच्या दृष्टीने दुसरा पडदाच होय. पुष्कळ ठिकाणी तो 'डुप्लिकेट' पद्धतीने जोडला जातो, त्यामुळे शिक्षक जे जे उघडतो ते ते सर्व मुलांस दिसते: पुढच्या प्रश्नाचे उत्तर, एखाद्याचे गुण, आधार क्रमांकांची यादी, आणि भ्रमणध्वनीवरून आलेले संदेशसुद्धा. 'एक्स्टेंड' पद्धतीने जोडल्यास चित्र वा प्रयोगाची फीत तेवढी संचावर जाते व शिक्षकाचे टाचण त्याच्या स्वतःच्या पडद्यावर राहते. पॉवरपॉइंटमधील 'प्रेझेंटर व्ह्यू' ह्याच तत्त्वावर चालतो. मुलांस चित्र दिसते आणि शिक्षकास त्याखालील टिपणे, पुढची पाटी व घड्याळ. प्रश्न विचारून थांबावे, मुलांनी अंदाज बांधावे, आणि मग उत्तर संचावर सरकवावे, अशी अध्यापनपद्धती ह्याने सुकर होते. संच बिनतारी जोडणीस योग्य असेल तर विंडोजची कळ व 'के' दाबून तार न लावताही हे साधते, फक्त चित्र क्षणभर मागे पडते.

घरच्या संगणकावर विद्यार्थ्यांची माहिती येते तेव्हा काही बंधने पाळणे अगत्याचे आहे. रजिस्टरातील पानांची छायाचित्रे कामापुरती ठेवावीत व नोंद पूर्ण झाली की पुसून टाकावीत. ती शिक्षकांच्या संदेशगटात पाठवू नयेत. घरातील मुले तोच संगणक वापरीत असल्यास शिक्षकाचे खाते वेगळे व संकेतशब्दाने बंद असावे. दुसऱ्या पडद्यावर हेच संदेशगट कायमचे उघडून ठेवण्याची सवय लागते, असाही अनुभव सार्वत्रिक आहे. मग दुसऱ्या पडद्याने वाचविलेला वेळ दुसरा पडदाच खाऊन टाकतो.

लॅपटॉप वापरणाऱ्यास आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. रात्री मॉनिटरवर उघडी ठेवलेली खिडकी सकाळी शाळेत, मॉनिटर जवळ नसताना, कधी कधी दिसेनाशी होते. खालच्या पट्टीवर तिची खूण असते, पण ती पडद्यावर येत नाही. ती हरवलेली नसते, नकाशावरील दुसऱ्या चौकटीत राहिलेली असते. पट्टीवरील खुणेवर टिचकी मारून ती निवडावी, आणि विंडोजची कळ व शिफ्ट दाबून ठेवून डाव्या वा उजव्या बाणाने ती इकडे ओढून आणावी. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' ह्या शीर्षकाखाली, पडद्याच्या जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा एक पर्याय आहे. त्यापुढे खूण ठेवली असता संध्याकाळी तार पुन्हा लावताच खिडक्या आपापल्या जागी परत जातात.